मातेची साक्ष कोणत्या भाषेत?

तान्ह्या मुलाच्या पोषणाविषयी आपल्याकडे बोलणारे पुष्कळ आहेत आणि सल्ला देणारे त्याहूनही पुष्कळ. परंतु ज्या एका व्यक्तीस बाळाच्या भुकेचे प्रत्यक्ष ज्ञान असते, तिला नीट विचारणारे थोडे. डॉक्टर, अंगणवाडीची कार्यकर्ती, विद्यापीठातील संशोधक, सरकारी पाहणीचा माणूस, हे सर्व अखेरीस आईच्याच दाराशी येतात. कारण बाळ बोलत नाही. आईची साक्ष हाच या साऱ्या शास्त्राचा मूळ पुरावा होय. साक्षीपुराव्याच्या व्यवसायात आयुष्याची बरीच वर्षे घालविलेल्या आम्हांस म्हणून आज हे सांगावेसे वाटते की, जी साक्ष साक्षीदारास न कळणाऱ्या भाषेत घेतली जाते तिला कोणतेही न्यायालय किंमत देणार नाही. मग रुग्णालयाने आणि विद्यापीठाने ती का द्यावी?

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक दूरदेशीचे उदाहरण घेऊ. २०११ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ‘बेबी ईटिंग बिहेव्हियर क्वेश्चनेअर’ या नावाची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. बाळ केवळ दुधावर असते त्या काळात त्याची भूक कशी असते, हे आईबापांकडून जाणून घेणे हा तिचा हेतू. इंग्लंड व वेल्समध्ये २००७ साली जन्मलेल्या जुळ्या मुलांची २,४०२ कुटुंबे ज्या अभ्यासात घेतली होती, त्या अभ्यासातून ती तयार झाली. प्रश्न अवघे अठरा. बाळ आवडीने पिते काय, पुनःपुन्हा मागते काय, रेंगाळत पिते काय, लवकर तृप्त होते काय, अशा स्वरूपाचे. उत्तरे पाच पायऱ्यांची: ‘कधीच नाही’ येथपासून ‘नेहमी’ येथपर्यंत.

आता ही प्रश्नावली तुर्की बोलणाऱ्या मातांपुढे ठेवावयाची असेल तर काय करावे? इंग्रजी जाणणारा एखादा तुर्क बोलावून अठरा वाक्ये उलथून घेतली की काम झाले, असे कोणी म्हणेल. परंतु शास्त्राची रीत तशी नाही. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावयाचे. तिसऱ्याने, मूळ न पाहता, त्याचे पुन्हा इंग्रजी करावयाचे. जाणकारांनी प्रत्येक प्रश्न तपासावयाचा. मग थोड्या मातांवर त्याचा प्रयोग करावयाचा. काही दिवसांनी त्याच मातांना तेच प्रश्न पुन्हा विचारून उत्तरे जुळतात की नाही ते पाहावयाचे. आणि एवढे झाल्यावर मोठ्या समूहाची उत्तरे गणिताने पारखावयाची. याला भाषांतर न म्हणता अनुकूलन म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, हे एका शब्दावरून कळेल. इंग्रजीत ‘फीड’ हा एकच शब्द छातीशी धरून पाजण्यालाही चालतो, बाटलीलाही चालतो आणि चमच्याने घास भरविण्यालाही चालतो. तुर्की भाषेत अंगावर पाजण्याला ‘एम्झिर्मेक’ हे निराळे क्रियापद आहे आणि खाऊ घालण्याला, पोसण्याला ‘बेस्लेमेक’ हे निराळे. ‘मामा’ हा शब्द तेथे आईच्या भावाला लावीत नाहीत. बाळाच्या वरच्या खाण्याला लावतात. आमची मराठी या बाबतीत तुर्कीच्याच पंक्तीला बसते. आपण बाळाला दूध ‘पाजतो’ आणि घास ‘भरवतो’. एकाच्या जागी दुसरे क्रियापद कोणतीही आई वापरणार नाही. म्हणजे इंग्रजीतील एका प्रश्नाचे मराठीत दोन प्रश्न होतात, आणि भाषांतरकार त्यांतला एकच उचलतो तेव्हा निम्म्या बाळाविषयी विचारावयाचे राहून जाते.

तुर्कस्तानातील आणि आपल्याकडील आईचे साम्य याहूनही खोल आहे. तेथेही बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस निराळे मानतात. आपल्याकडे सव्वा महिना पाळतात. तेथेही गुटगुटीत बाळाला नजर लागेल म्हणून निळा मणी बांधतात; आपल्याकडे काजळाची तीट लावतात. ‘नजर’ हा शब्दसुद्धा दोन्हीकडे एकच. अशा आईला परक्या माणसाने विचारले, “तुमचे बाळ फार आवडीने पिते काय? सदा भुकेले असते काय?” तर ती काय उत्तर देईल? बाळ कितीही हौसेने पीत असले तरी ती म्हणेल, “कुठचे हो, बेताचेच पिते.” हे खोटे बोलणे नव्हे, बाळाचे रक्षण आहे. ज्याने प्रश्न रचला त्याला ही रीत ठाऊक नसेल, तर तो या उत्तरावरून बाळाची भूक मंद ठरवील आणि आईला नसती काळजी लावून जाईल.

हे सारे आम्ही लंडन किंवा इस्तंबूल येथील विद्वानांच्या कौतुकासाठी लिहीत नाही. आमच्या डोळ्यांपुढे आहे ती बडोद्याच्या उत्तरेस, मही नदीच्या अलीकडे वसलेली नंदेसरी. गुजरात औद्योगिक विकास महामंडळाची तेथील वसाहत रासायनिक कारखान्यांची आहे. अशा वसाहतींत कामासाठी माणसे दूरदूरच्या प्रांतांतून येतात आणि त्यांच्यामागून त्यांच्या बायका येतात, बहुधा पहिल्या बाळंतपणाच्या आगेमागे. सासू गावी, आई गावी, शेजारीण परप्रांताची. समजा, खानदेशातून आलेली अशी एक बावीस वर्षांची मराठी आई आहे. तिचे तीन महिन्यांचे बाळ अंगाने भरत नाही म्हणून ती दवाखान्यात जाते. तेथील बाई मनाने चांगली, कामाने तत्पर. पण तिच्या हातातील कागद गुजराती. ती विचारते की, बाळाला फक्त ‘धावण’च देता ना? गुजरातीत धावण म्हणजे आईचे दूध. मराठी कानाला त्यात धावण्याचा भास होतो. आई गोंधळते, मान डोलावते, आणि कागदावर ‘होय’ अशी खूण पडते.

बरे, कागद मराठी असता तर काय झाले असते? त्यावर ‘आपण शिशूस केवळ स्तनपान देता काय?’ असे छापलेले असेल, तर आमच्या मते तो गुजराती कागदाहून फारसा बरा नाही. ‘स्तनपान’ हा शब्द पाठ्यपुस्तकात शोभतो, घरात आई म्हणते, “बाळ अंगावर पिते.” तिला विचारावयाचे तर “अंगावरचेच दूध देता की वरचेही काही देता?” असे विचारावे. तेवढ्यानेही भागत नाही. बाळगुटी ती ‘देणे’ समजत नाही, ते औषध. उन्हाळ्यातील चमचाभर पाणी ती मोजत नाही. पाणी ते पाणीच. पेजेवरची निवळ हे कोकणी घरातही कोणी अन्न मानीत नाही. जन्मल्यावर जिभेला लावलेले मध-तूप हा तर संस्कार. त्याला खाणे कोण म्हणेल? म्हणून ‘केवळ’ या शब्दाला ती प्रामाणिकपणे ‘होय’ म्हणते, आणि ते उत्तर वस्तुस्थितीच्या दृष्टीने चूक असते.

या चुकीचा दंड कोण भरतो? बाळ भरते. निवळीने आणि पाण्याने त्याचे इवलेसे पोट भरते, म्हणून ते अंगावर कमी ओढते; कमी ओढले की आईचे दूधही कमी उतरते. कागद मात्र सांगतो की बाळ केवळ आईच्या दुधावर आहे. तेव्हा तो कागद वाचणाऱ्याचा निष्कर्ष असा निघतो की, आईच्याच दुधात काही उणे असावे. तिच्या हाती डबा आणि बाटली येते. तिच्या मनात आपण आई म्हणून कमी पडलो ही खंत कायमची घर करते. एका नीट न विचारलेल्या प्रश्नाने एवढे होऊ शकते.

आमच्या देशातील मोठ्या पाहण्यांना हा धोका अपरिचित नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत सहा महिन्यांच्या आतील ६३.७ टक्के बाळे केवळ आईच्या दुधावर असल्याचे आढळले, आणि जन्मानंतर तासाभरात छातीशी घेतलेल्यांचे प्रमाण ४१.८ टक्के होते. यांतील पहिला आकडा ‘केवळ’ हा शब्द आईपुढे टाकून काढलेला नाही. काल दिवसा किंवा रात्री बाळाला पाणी दिले काय, अमुक दिले काय, तमुक दिले काय, असे एकेका पदार्थाचे नाव घेऊन विचारावयाचे, अशी ती पद्धत आहे. पद्धत उत्तम. परंतु नाव घ्यावयाचे तर ते आईच्या तोंडचे नाव हवे. ‘गळथूथी’ म्हटले की गुजराती आईला जे समजते ते मराठी आईला ‘बाळगुटी’ किंवा ‘मध-तूप चाटविणे’ म्हटल्यावर समजते. आणि गोमंतकातील आईला पेज, निवळ ही नावे घेऊन विचारले तरच ती हकीकत सांगेल.

लंडनच्या त्या प्रश्नावलीत शिरले तर अडचणी आणखी वाढतात. तिच्या एका भागाचे नाव शब्दशः घेतले तर ‘अन्नाचा आनंद’ असे होते. आता ज्या बाळाचे उष्टावण झाले नाही त्याला अन्न कुठले? आश्वलायन गृह्यसूत्रात अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून पहिले सहा महिने फक्त आईच्या दुधाची शिफारस केली आहे. दोन्ही गोष्टी आमच्या आयाबहिणींच्या मनात ‘उष्टावण’ या एकाच शब्दाने बसतात. तीन महिन्यांच्या बाळाच्या ‘अन्ना’विषयी विचारले तर ती एक तर हसेल, नाही तर आपल्यावर आरोप होतो आहे असे समजून रागावेल. काळाचेही तसेच. ‘पहिल्या तीन महिन्यांत’ असे विचारण्याऐवजी ‘बारशापर्यंत’, ‘सव्वा महिना होईपर्यंत’, ‘उष्टावणाच्या आधी’ असे विचारा. तिची आठवण लख्ख होईल. उत्तरांच्या पायऱ्यांत ‘पुष्कळदा’ याच्या जागी कोणी ‘बहुधा’ लिहिले, तर आजच्या मराठीत त्याचा अर्थ ‘असेलही कदाचित’ असा होतो, आणि पाच पायऱ्यांतली एक पायरीच निखळते.

येथे तज्ज्ञ म्हणतील की, उलट भाषांतराने अशा चुका पकडल्या जातात. आम्ही आदराने असहमत आहोत. ‘स्तनपान’ या शब्दाचे उलट इंग्रजी अगदी बिनचूक होईल. ‘अन्नाचा आनंद’ याचेही होईल. शब्द जितका पुस्तकी, तितका तो उलट भाषांतरात सुखरूप परत येतो. त्या परीक्षेने दोन सुशिक्षित भाषांतरकारांचे एकमत सिद्ध होते. आईला प्रश्न कळला, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी एकच उपाय आहे: प्रश्न विचारून झाल्यावर आईलाच विचारावे, “बाई, यातून तुम्ही काय समजलात? आपल्या शब्दांत सांगा.” आणि तिने सांगितलेले निराळे निघाले, तर प्रश्न बदलावा.

कायद्याने हे तत्त्व कधीच ओळखले आहे. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला आला. स्थानबद्ध केलेल्या इसमास कारणे इंग्रजीत दिली होती. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदी प्रत मागितली, ती नाकारण्यात आली. कागद देताना तोंडी समजावून सांगितले होते, असा सरकारचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. ज्याला समजावयास हवे त्याला समजेल अशा भाषेत व लिपीत सांगितले, तरच ते सांगणे होय, असे ठरवून न्यायालयाने त्याची स्थानबद्धता रद्द केली. कार्यकर्तीने जाता जाता तोंडी समजावले म्हणून दवाखान्याचा कागद शुद्ध होतो, असे मानणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

दुसरे तत्त्व सूचक प्रश्नाचे. जो प्रश्न आपले उत्तर आपल्याच पोटात घेऊन येतो, तो सरतपासणीत प्रतिपक्षाने हरकत घेतली असता न्यायालयाच्या परवानगीवाचून विचारता येत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हा नियम होता आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. “फक्त आईचेच दूध देता ना?” यातील ‘ना’ हे एकच अक्षर प्रश्नाला सूचक करते. दवाखान्यात हरकत घ्यावयास वकील नसतो. गरीब आई समोरच्या शिकलेल्या बाईला ‘नाही’ म्हणत नाही, एवढे मनुष्यस्वभावाचे ज्ञान प्रश्न रचणाऱ्यास असावे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, हा गुजरात आहे. येथे राहावयाचे तर गुजराती शिकावे. शिकावे, यात वाद नाही. आमच्या कित्येक पिढ्या शिकल्या आणि त्या भाषेवर प्रेम करू लागल्या. पण भाषा शिकावयास वर्षे लागतात आणि बाळाचे पहिले सहा महिने सहा महिन्यांतच संपतात. शिवाय हा न्याय आम्ही एकतर्फी मागत नाही. पुण्यास किंवा ठाण्यास आलेल्या गुजराती आईला ‘धावण’ याच शब्दाने विचारले पाहिजे, हेही आम्ही तितक्याच आग्रहाने म्हणतो.

दुसरा आक्षेप संख्येचा. थोड्या लोकांसाठी एवढा खर्च कशाला? हे बडोद्यात म्हणणे तरी शोभत नाही. याच नगरीतून सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला. इंग्रजी शासकीय शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द त्यात शोधले गेले. दरबारच्या कागदासाठी जे राज्य इतक्या भाषांचा शोध घेऊ शकले, त्याच्या वारसांना बाळाच्या भुकेसाठी दोन-चार भाषांचे अठरा प्रश्न जड जावेत काय? संसदेकडेही पाहा. १९९२ साली घटनेच्या ७१ व्या दुरुस्तीने कोकणी आठव्या अनुसूचीत आली. त्याच वर्षी शिशुदुग्धपर्यायांविषयीचा कायदा झाला. त्यात डब्यावरील सूचना स्पष्ट, ठळक, सहज वाचता व समजता येईल अशी, विहित भाषेत हवी, असे सांगितले आहे. डबा विकणाऱ्यावर ‘समजेल असे लिही’ हे बंधन आहे. मग आईला प्रश्न विचारणाऱ्यावर ते नैतिकदृष्ट्या अधिकच नाही काय?

तिसरा आक्षेप आमच्याच घरातून येतो, आणि तो आम्हांस अधिक बोचतो. “आईच्या दुधाला प्रश्नावली कशाला? आमच्या आज्यांनी अठरा प्रश्नांवाचून मुले वाढविली.” वाढविली खरी, पण किती गमावली, तेही त्याच आज्यांना विचारा. शिवाय नंदेसरीच्या एका खोलीत आजी नाही. आणि आजीची प्रत्येक रीत डोळे मिटून राखावी असेही नाही. जातकर्मातील मधाचेच घ्या. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, त्यातून विषबाधेचा एक दुर्मिळ पण घातक विकार उद्भवू शकतो, असे आजचे वैद्यकशास्त्र स्पष्ट सांगते. संस्काराचे मंत्र राहोत, सोन्याचा स्पर्श राहो. मध बाळाच्या मुखात जाऊ नये. आमच्या पुरोहितांनी हे यजमानास सांगावे. असे आम्ही म्हणतो म्हणून कोणी रागावेल. पण मध चाटविले की नाही हे आईला निर्भयपणे सांगता यावे, यासाठी ते आधी आपल्यात बोलले गेले पाहिजे. जी गोष्ट देवघरात लपते ती दवाखान्यातही लपते.

म्हणून आमच्या मागण्या आम्ही उघड मांडतो. बाळाच्या पोषणाविषयी आईला विचारावयाच्या प्रत्येक कागदावर तो कोणत्या भाषेतून आला, कोणत्या मातांवर पारखला, हे छापलेले असावे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अन्न व पोषण यांचा जुना विभाग आहे. अशा संस्थांनी गुजरातीबरोबर मराठी, हिंदी आणि जेथे गरज तेथे कोकणी बोलणाऱ्या मातांना अनुकूलनाच्या कामात प्रथमपासून बसवावे, शेवटी अंगठा घेण्यापुरते नव्हे. गुजरातेतील ममता कार्ड भरताना आई कोणती भाषा बोलते, हा प्रश्न पहिला असावा.

आणि समाजाने काय करावे? आमच्या देवस्थानांत बाळांची उष्टावणे होतात. त्या दिवशी आई, आजी, मावशी, काकू, साऱ्या एकत्र असतात. बाळाने दूध कसे घेतले, कधी सोडले, काय चाटविले, हे सारे त्या आपसांत बोलतच असतात. समाजातील शिकलेल्या भगिनींनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे आणि ते शब्द जसेच्या तसे टिपावेत: ‘रेंगाळत पिते’, ‘पिता पिता झोपते’, ‘चटकन तोंड सोडते’, ‘वरचे घेत नाही’. कारवार, मंगळूर, गोवे, रत्नागिरी, खानदेश, बडोदे, प्रत्येक ठिकाणचे शब्द निराळे निघतील. दोन भाषांच्या या मासिकाला त्याहून योग्य काम कोणते? वाचकभगिनींनी आपल्या घरातील असे शब्द गावाच्या नावासह संपादकांकडे पाठवावेत. ती यादी बडोद्याच्या संशोधकांपुढे ठेवणे, आणि नंदेसरीच्या दवाखान्यातील कागदावर ते शब्द उमटेपर्यंत तिचा पाठपुरावा करणे, हे काम आम्ही आपल्याकडे घेतो.